प्रकाशाने वाजवायचं की अंतराने? घरी पहिलं वाद्य बनवण्याआधी

हात न लावता वाजणारं वाद्य घरी बनवायचं म्हटलं की नवख्यापुढे साधारण तीन वाटा असतात: एलडीआर (उजेडानुसार रेझिस्टन्स बदलणारा भाग) आणि ५५५ टायमर चिपचं साधं सर्किट, अंतर मोजणारा सेन्सर आणि आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), किंवा खरंखुरं थेरेमिन (अँटेनाजवळ हात हलवून वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य). लांबून पाहिलं तर तिन्ही सारखीच वाटतात. हात पुढे-मागे केला की सूर वर-खाली होतो. वाजवायला बसलं की फरक लगेच कळतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) आणि आवाजाचा पोत हवा असेल तर प्रकाश घ्या, ओळखू येणारी चाल वाजवायची असेल तर अंतर. थेरेमिन दोन्ही देतं, पण रियाज करून घेतं.

एलडीआरवर उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, सावली पडली की वाढतो. ५५५ हा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात असलेला टायमर. त्याच्या अस्टेबल, म्हणजे आपोआप सतत चालू-बंद होत राहणाऱ्या जोडणीत दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लागतो. डिस्चार्ज आणि थ्रेशोल्ड या पिनांच्या मधल्या रेझिस्टरच्या जागी एलडीआर बसवायचा. दुसरा रेझिस्टर १ किलोओहम आणि कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड घेतला, तर एलडीआर १० किलोओहमवर असताना साधारण ६९० हर्ट्‌झचा सूर येतो. तळहाताच्या सावलीत तो १०० किलोओहमवर गेला की सूर ७० हर्ट्‌झच्या आसपास उतरतो. तीन सप्तकांहून जास्त पल्ला, आणि मध्ये कुठेही पायरी नाही. शिवाय एलडीआर मुळात आळशी आहे; उजेड बदलला तरी त्याचा रेझिस्टन्स क्षणभर मागून येतो. त्यामुळे जलद ताना विसराव्या लागतात, पण सूर एकमेकांत असे विरघळतात की तेवढ्यासाठीच मला हे वाद्य आवडतं.

त्रास खोलीतल्या उजेडाचा होतो. खिडकीबाहेर ढग आला की वाद्य उतरतं, मागे कुणी येऊन उभं राहिलं तरी उतरतं. उपाय सोपा आहे: एलडीआर काळ्या नळीच्या तळाशी बसवा आणि बरोबर वर एक पक्का दिवा लावा, म्हणजे त्याला फक्त तुमचा हात आणि तो दिवा दिसेल. दिवा बॅटरीवरचा असलेला बरा. ५० हर्ट्‌झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण सुरात खरखर येते. एलडीआरऐवजी फोटोट्रान्झिस्टर लावला तर तो चपळ असल्यामुळे ही खरखर आणखी वाढते. काहींना तीच हवी असते, आणि त्यात काही गैर नाही.

याच वाटेने जाणार असाल तर ५५५ पेक्षा सीडी४०१०६ ही चिप घ्या असं मी म्हणेन. तिच्यात सहा श्मिट ट्रिगर इन्व्हर्टर (इनपुटच्या उलट आउटपुट देणारी छोटी सर्किटं) असतात, आणि प्रत्येकाला एक एलडीआर व एक कपॅसिटर जोडला की सहा वेगळे आवाज तयार. दोन सूर किंचित मागेपुढे ठेवले की त्यांच्यातली थरथर हाताने कमी-जास्त करता येते. मात्र ९ व्होल्टच्या बॅटरीवर या चिप्सचं आउटपुटही जवळपास तेवढंच असतं. ते थेट लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटमध्ये घालू नका, आधी दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा.

आता अंतर. आपला कान सुरांमधलं अंतर गुणोत्तराने मोजतो. दर सप्तकाला हर्ट्‌झ दुप्पट होतात. एलडीआरच्या सर्किटमध्ये हात तेवढाच सरकला तरी सूर कधी थोडा बदलतो, कधी खूप. आर्डुइनोमध्ये हे गणित प्रोग्रामवर सोपवता येतं: दर २ सेंटिमीटरला एक सूर, म्हणजे २४ सेंटिमीटरमध्ये बारा सुरांचं सप्तक. नको असलेले सूर गाळले की बेसूर होण्याची सोयच उरत नाही.

अंतर मोजायला स्वस्तात एचसी-एसआर०४ हा सेन्सर मिळतो. तो ४० किलोहर्ट्‌झचा ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतो. तळहात जरा तिरपा झाला की प्रतिध्वनी भलतीकडे जातो आणि सूर उडी मारतो. दोन मोजण्यांमध्ये ६० मिलिसेकंद ठेवायला सांगितलेले असतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम सोळा नोंदी, आणि हा उशीर हाताला जाणवतो. त्यामानाने व्हीएल५३एल०एक्स हा इन्फ्रारेड लेझरवर चालणारा सेन्सर खूप सुसह्य आहे. तो साध्या सेटिंगमध्ये सुमारे ३३ मिलिसेकंदांत मोजतो, अंधारातही चालतो. कडक उन्हात मात्र त्याचा पल्ला घटतो. आर्डुइनोच्या टोन फंक्शनचा आवाज कर्कश, चौकोनी लहरीचा असतो. तो नको असेल तर लिओनार्डो बोर्ड घ्या: तो संगणकाला यूएसबी मिडी वाद्य (कोणता सूर वाजवायचा एवढंच कळवणारं) म्हणून दिसतो, आणि आवाज संगणकातल्या सिंथचा, म्हणजे आवाज तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, वापरता येतो.

थेरेमिनचा जन्म १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह थेरेमिन यांच्या हातून झाला. त्यात दोन रेडिओ ऑसिलेटर असतात; हात अँटेनाजवळ नेला की एकाची वारंवारता सरकते आणि दोघांतला फरक सूर म्हणून ऐकू येतो. एका हाताने सूर, दुसऱ्याने आवाजाचा लहान-मोठेपणा. वर सांगितलेलं काहीही त्याच्या नाजूकपणाच्या जवळ जात नाही. पण कॉइल जुळवणं नवख्याचं काम नाही, तापमानाबरोबर सूर सरकतो, आणि हवेत बोट कुठे ठेवायचं हे फक्त कान सांगतो. क्लारा रॉकमोर यांनी ते मैफलीत वाजवलं, पण त्या मुळात व्हायोलिन शिकलेल्या होत्या. पहिलं वाद्य म्हणून मी हे सुचवणार नाही. हवंच असेल तर किट घ्या.

लेझर हार्प, म्हणजे तारांऐवजी लेझरचे किरण असलेलं वाद्य, दिसायला देखणी, पण प्रत्येक किरण फक्त तुटतो किंवा जुळतो, त्यामुळे मींड नाही. डोळ्यांच्या उंचीवर लेझर लावायची तर मुळीच नाही.

अजूनही ठरत नसेल तर एलडीआरपासून सुरू करा, कारण तो वाया जात नाही. पुढे आर्डुइनो आणलात की १० किलोओहमच्या रेझिस्टरबरोबर तोच एलडीआर अ‍ॅनालॉग पिनवर जोडा. वाद्य सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद हात पूर्ण वर-खाली न्यायचा, आणि त्या वेळी आलेला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा प्रोग्रामने पल्ला म्हणून धरायचा. मग खोली बदलली तरी सप्तक तेवढ्याच हातात बसतं.