कॅज्युअल्टीचं रजिस्टर की लॅबचा रिपोर्ट?

सांगलीत पंचवीस-तीस खाटांचं हॉस्पिटल असेल आणि पावसाळ्यात साथीवर नजर ठेवायला एकच माणूस मोकळा असेल, तर त्याला बसवायचं कुठे: कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, रजिस्टरवर की लॅबच्या रिपोर्टवर?

लॅबचा रिपोर्ट पक्का असतो, पण उशिरा येतो. डेंग्यूची एनएस१ (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांतच भरवशाची, पुढे आयजीएम (प्रतिपिंडांची तपासणी) बघावी लागते. त्यातले दोन-तीन दिवस पेशंटने गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर काढलेले असतात. शिवाय खर्चामुळे तपासणी टाळणारा या आकड्यात येतच नाही.

रजिस्टर त्याच रात्री बोलतं, फक्त अडखळत. एक सिस्टर ‘ताप’ लिहितात, दुसऱ्या ‘फिव्हर’, तिसऱ्या नुसतं ‘अशक्तपणा’. म्हणून आधी चार खाती पाडा: ताप, जुलाब-उलट्या, खोकला-धाप, इतर. नुसता आकडा मोजू नका, एकूण पेशंटमध्ये तापाचे किती टक्के ते काढा. रविवारी ओपीडी बंद म्हणून गर्दी वाढते, ती साथ नव्हे. वीस पेशंटांत तापाचे दोनाचे चार झाले म्हणूनही घाबरायचं नाही. सात दिवसांची सरासरी बघा.

खरा कस पुरानंतर लागतो. २०१९ सारखं पाणी घरात शिरलं की जुलाब आधी दिसतात. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) बहुधा पाच ते चौदा दिवसांनी. डेंग्यू आणखी मागून, कारण अंड्यापासून डास व्हायलाच आठ-दहा दिवस जातात आणि चावल्यावर ताप यायला चार ते दहा. जुलाबाच्या वेळी लॅबची वाट बघण्यात अर्थ नाही, डेंग्यूला मात्र तिच्याशिवाय गत्यंतर नाही. लेप्टो मधे अडकतो. ‘पोटऱ्या फार दुखतात’ हे पेशंटचे शब्द रजिस्टरमध्ये जसेच्या तसे उतरले तर संशय लवकर येतो, नुसत्या ‘ताप’मध्ये तो बुडून जातो.

सरकारी पद्धतीत दोन्ही आहेत. २००४ पासूनच्या आयडीएसपीत (केंद्राच्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात) लक्षणांचा एस, डॉक्टरांच्या संशयाचा पी आणि लॅबचा एल असे तीन फॉर्म. तुमचं रजिस्टर त्या कळवण्याची जागा घेत नाही.

माझं मत विचाराल तर जून ते सप्टेंबर रोज सकाळी अर्धा तास रजिस्टर, आणि शनिवारी लॅबचा हिशेब. मात्र हॉस्पिटल पेठ नाक्यासारखं हायवेला असेल आणि कॅज्युअल्टीत निम्मे अपघातच येत असतील, तर हे टक्के फसवतील. तिथे ओपीडीचे केसपेपर मोजलेले बरे.