वजनकाट्याची भीती गेली, अ‍ॅप मात्र काढून टाकलं

घरात डिजिटल वजनकाटा आणावा का आणि आणला तर रोज त्यावर उभं राहावं का, असं अलीकडे ऑफिसातल्या मैत्रिणी मला विचारतात. माझं उत्तर असं: काटा आणा, रोज उभ्या राहा, पण त्याच्यासोबत मिळणारं अ‍ॅप फोनवर ठेवू नका. का, ते सविस्तर लिहिते, कारण या काट्याने माझं जे काम केलं ते खोक्यावर कुठेच छापलेलं नाही.

मी नाशिकला एका पतसंस्थेत हिशेब बघते. वय ४७, उंची १५५ सेंटीमीटर, आणि काटा घरी आला त्या सकाळी वजन ८१.४ किलो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.१ आली होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. गुडघे जिना उतरताना बोलायला लागले होते. डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा मला पहिली धास्ती वाटली ती आहाराची नाही, चालण्याची नाही, वजन करून घेण्याची.

त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी एका वजन कमी करून देणाऱ्या सेंटरमध्ये पैसे भरले होते. नाव लिहीत नाही. तिथे दर शनिवारी सगळ्यांसमोर वजन व्हायचं आणि आकडा फळ्यावर नावासमोर लिहायचे. कमी झालं तर टाळ्या, वाढलं तर ताईंचा तो चेहरा. शुक्रवारी रात्री आम्ही बायका जेवायचो नाही, शनिवारी सकाळी पाणीसुद्धा प्यायचो नाही. पहिल्या आठवड्यात माझं वजन झरझर उतरलं, नंतर अडलं, मग थोडं चढलं, आणि फळ्यावरचा तो आकडा बघून मनात एकच गोष्ट पक्की बसली, की हे आपल्याच्याने होणार नाही. पुढे कित्येक वर्षं दवाखान्यात नर्स वजन घ्यायची तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि तिला म्हणायची, ‘सिस्टर, आकडा मोठ्याने नका सांगू.’

लहानपणी मुंबईला मावशीकडे गेलो की स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनवर उभं राहायचा हट्ट असायचा. रंगीत दिवे, फिरणारं चाक, नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. त्या सेंटरनंतर माझ्या लेखी दोन्ही बाजू एकच झाल्या होत्या. आकडा म्हणजेच भविष्य.

आता काट्याबद्दल. वर जाड काच, खाली चार पाय, काचेवर धातूच्या चार पट्ट्या, ट्रिपल ए सेल, १८० किलोपर्यंत क्षमता, किंमत दीड हजाराच्या आत. ब्रँड सांगत नाही, कारण या किमतीतले काटे चालतात एकाच तत्त्वावर. काट्याच्या प्रत्येक पायात धातूची छोटी पट्टी असते. वजन पडलं की ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून आकडा निघतो. म्हणून काटा कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. सतरंजीवर, पायपुसण्यावर किंवा खालीवर झालेल्या फरशीवर ठेवलात तर आकडा भरवशाचा नाही. आमच्या जुन्या घरातली फरशी एकसारखी नाही, तेव्हा एकही पाय डगमगणार नाही अशी कपाटाजवळची एक जागा शोधली आणि तिथे खडूने चार खुणा केल्या. काटा तिथून हलत नाही.

अचूकता तपासायची सोपी रीत: आधी नुसतं उभं राहायचं, मग तांदळाची १० किलोची सीलबंद पिशवी हातात घेऊन. फरक १० किलोच्या अगदी जवळ यायला हवा. माझ्या काट्यावर १०.१ आला. तेवढं पुरे. मुळात खरं वजन शंभर ग्रॅमने चुकलं तरी बिघडत नाही, पण काटा रोज तितकाच चुकायला हवा.

आणि इथे येतो तो भाग, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

माणसाचं वजन एका दिवसात किलो-दीड किलोने सहज खालीवर होतं. खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं. पाळी जवळ आली की धरून ठेवतं. पोट साफ झालं नाही तर तेही वजनात येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवून ठेवलेली साखर. ते साधारण चार-पाचशे ग्रॅम असतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधून ठेवतं. भात-पोळी एकदम तोडली की हा साठा उतरतो आणि पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो गेलेले दिसतात. सेंटरमधले ते टाळ्यांचे किलो हेच होते. पाणी होतं ते. लग्नाच्या एका पंगतीत ते परत आलं, आणि आम्हाला वाटलं, हरलो. एक किलो चरबी वाढायला अंदाजे ७,७०० कॅलरी जादा खाव्या लागतात. एका रात्रीत जिलेबीची कितीही ताटं आली तरी एवढं कोणी खात नाही. हे तेव्हा कोणी समोर बसून समजावलं असतं तर माझी मधली वर्षं वाचली असती, असं मला फार वाटतं.

मग रोजच्या आकड्याचं करायचं काय? ऑटोडेस्क कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जॉन वॉकर नावाचे अभियंते, त्यांनी १९९०च्या दशकात सांगितलेली एक पद्धत मी वापरते. भाच्याने दाखवली. सकाळी उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी तोच आकडा सरासरी म्हणून धरायचा. दुसऱ्या दिवसापासून आजचं वजन आणि कालची सरासरी यातला फरक काढायचा, त्याचा दहावा हिस्सा कालच्या सरासरीत मिळवायचा किंवा वजा करायचा. झाली आजची सरासरी. बघायची ती फक्त ही सरासरीची ओळ.

दिवाळीतलं उदाहरण देते. भाऊबीजेच्या सकाळी सरासरी होती ७८.२. मग भावाकडे जेवण, चकल्या, बासुंदी, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी काट्यावर ७९.८. सरासरीपेक्षा १.६ किलो वर. पूर्वीची मी असते तर त्याच सकाळी फराळाचा डबा पुढे ओढला असता आणि तुळशीच्या लग्नापर्यंत कशाचाच हिशेब ठेवला नसता. वहीत मांडलं: फरक १.६, दहावा हिस्सा ०.१६, नवी सरासरी ७८.३६. एकशे साठ ग्रॅम. मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले. माझ्या कामात एका दिवशी कॅश कमी भरली म्हणून संस्था बुडाली असं कोणी म्हणत नाही, महिन्याचा ताळेबंद बघतात. तो न्याय मी स्वतःला कधी लावलाच नव्हता. आठवडाभरात ते पाणी उतरलं आणि सरासरी पुन्हा पहिल्या जागी आली.

दुसरा बदल याहून मोठा आहे. मी ध्येयाचं वजन ठरवलंच नाही. रोजचं काम एवढंच ठेवलं, की उभं राहायचं आणि लिहायचं. आकडा काहीही येवो, लिहिला की आजचं काम झालं. नापास होण्याची जागाच त्यात नव्हती. ज्या बाईने वजन टाळण्यात वर्षं घालवली तिच्यासाठी पहिले काही दिवस काट्यावर पाय ठेवणं हेच मोठं काम होतं, हात थंड पडायचे. पण रोज बघितल्याने आकड्याची धार बोथट होत गेली. आठवड्यातून एकदा बघता तेव्हा त्या एका आकड्यावर सात दिवसांचं ओझं असतं. रोज बघितलं की तो फक्त आजचा असतो.

अमेरिकेत १९९४ साली एक नोंदवही सुरू झाली, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. किमान १३.६ किलो वजन उतरवून वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांनी त्यात स्वतःहून नाव नोंदवलं. त्यातले साधारण तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करत असल्याचं आढळलं. वजन केल्यामुळेच ते टिकलं असं यातून सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण काट्याकडे पाठ न फिरवणारी एवढी माणसं आहेत, याचा मला आधार वाटला.

पद्धतीची एक मर्यादा सांगायला हवी. सरासरी मागून येते. वजन खरोखर उतरत असेल तर सरासरी काही दिवस वरच रेंगाळते, आणि सुरुवातीला धीर धरावा लागतो. मार्गशीर्षात माझी सरासरी जवळजवळ महिनाभर जागची हलली नाही. तेव्हा मला काट्यापेक्षा शिवणाच्या टेपने सावरलं. पोटाचा घेर दोन सेंटीमीटरने कमी झाला होता. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेघ मानतात, पुरुषांसाठी ९०. मी अजून त्या रेघेच्या वरच आहे, पण टेप आता वहीतच ठेवलेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे काटे मुख्यतः विकले जातात ती: शरीरातल्या चरबीची टक्केवारी. काचेवरच्या धातूच्या पट्ट्यांतून अगदी सौम्य वीज एका तळपायातून दुसऱ्या तळपायात जाते. पाण्याचा अंश असलेल्या स्नायूंतून ती सहज वाहते, चरबीतून अडखळते. त्या अडथळ्यावरून आणि तुम्ही भरलेल्या वय-उंचीवरून काटा अंदाज बांधतो. वीज पायांतून आणि कमरेखालून जाते, पोटापर्यंत नीट पोचतच नाही, आणि आपल्याकडची चरबी तर पोटावर. माझ्या काट्यावर आंघोळीआधीचा आणि आंघोळीनंतरचा आकडा वेगवेगळा यायचा. या आकड्यावर विसंबू नका.

चरबीला महत्त्व नाही असं मात्र नाही, उलट आपल्या लोकांत ते जास्तच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. अशाच कारणाने आपल्यासाठी बीएमआय २३च्या वर जादा वजन आणि २५च्या वर लठ्ठपणा धरतात. पण ती चरबी मोजायला डेक्सासारखी, क्ष-किरणांनी होणारी तपासणी लागते, दीड हजाराचा काटा नाही.

अ‍ॅपबद्दल माझं मत कडक आहे. शंभर ग्रॅम वाढलं की लाल बाण. दोन दिवस उभं राहिलं नाही की ‘तुमचं ध्येय विसरलात का?’ असा निरोप. आणि ‘शरीराचं वय’ म्हणून एक आकडा, माझं त्याने ५८ काढलं. सेंटरमधला फळा माझ्या हातात आणून ठेवल्यासारखं वाटलं मला ते. त्याच संध्याकाळी अ‍ॅप काढून टाकलं. काटा त्याच्याशिवाय व्यवस्थित चालतो, काचेवर वजन दिसतं, दुसरं काही लागत नाही. घाबरलेल्या माणसाला रोज लाल बाण दाखवणाऱ्यांनी एकदा तरी एखाद्या घाबरलेल्या माणसाशी बोलायला हवं होतं.

काही सूचना. पेसमेकर असलेल्यांनी वीज सोडणारा काटा वापरू नये, गरोदर बायकांनीही नाही. काच ओली झाली की घसरते. सासूबाई एकदा भिंत धरून चढल्या, तेव्हापासून त्यांच्यासाठी शेजारी खुर्ची ठेवते. आणि माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, म्हणून काटा आमच्या खोलीत असतो, हॉलमध्ये नाही. खाण्याची भीती बसलेल्या किंवा वाढत्या वयाच्या मुलींसाठी रोजचं वजन हा उपाय नाही, त्यांना त्याने त्रासच होईल. तिथे आधी डॉक्टर.

सध्या माझी सरासरी ७४.९ आहे आणि एचबीएवनसी ५.७. जेवणात फार नाट्यमय काही केलं नाही. फोडणीचं तेल चमच्याने मोजते, रात्री एक भाकरी आणि भरपूर भाजी, सकाळी गोदावरीच्या काठाने चालणं. पाच-सहा आठवड्यांपूर्वी लग्नसराईत सरासरी अर्धा किलो वर गेली होती आणि मी तरीही रोज लिहीत राहिले.

नणंदेने परवा काटा मागवायला सांगितला. तिच्यासाठी मी ब्लूटूथ नसलेला, नुसतं वजन दाखवणारा निवडला आहे. तो निम्म्या किमतीत मिळतो आणि पद्धतीला तेवढाच लागतो. काचेऐवजी खरखरीत पृष्ठभाग आणि मोठे आकडे आहेत ना, एवढं बघून घ्या.