ॲपवरची ओळख आणि अंधेरीतलं बिल

डेटिंग ॲपवर भेटलेली व्यक्ती पहिल्याच भेटीला ठरावीक जागेचा हट्ट धरत असेल, तर तिथे जाऊ नका. गेल्या शनिवारी आमच्या मित्राला अशाच एका लाउंजमध्ये अडकवून ठेवलं. त्याला सोडवायला आम्हीच गेलो होतो, म्हणून हे लिहितोय.

शनिवारी आम्ही सगळे शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जमलो होतो. गप्पा मारून झाल्या की एकत्र जेवायचं, असा बेत. तो तेवढा ‘तिला भेटून आलोच’ म्हणत अंधेरीला गेला. त्याने सुचवलेली कॉफीची ठिकाणं तिने आधीच टाळली होती. मेट्रो स्टेशनबाहेर भेटून ती त्याला थेट त्या लाउंजमध्ये घेऊन गेली. मेनू कार्ड त्याच्या हातात आलंच नाही, ऑर्डर सगळी तिनेच दिली. मग तिला घरून फोन आला, ती घाईने निघून गेली आणि पाठोपाठ बिल आलं, ३८ हजारांचं.

त्याचा मेसेज आल्यावर दादरहून लोकल पकडून आम्ही पोहोचलो, तोवर त्याच्याकडून २० हजार घेऊन झाले होते. दोन बाउन्सर टेबलाला खेटून उभे होते. ‘घरच्यांना फोन लावू का?’ हे त्यातल्या एकाचं वाक्य मी स्वतः ऐकलं. ही माणसं समोरच्याच्या लाजेवर पैसे कमावतात, याची मला अजून चीड येते.

ते बिल मी नीट वाचलं. लाउंजचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. ‘स्पेशल ड्रिंक’ चार, पण ब्रँड कुठला आणि किती मिली, काही नाही. खाली हुक्का. एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी आणि वर सर्व्हिस चार्ज. आता बघा, दारूवर जीएसटी लागतच नाही, महाराष्ट्रात बारमधल्या दारूवर व्हॅट असतो. हुक्का पार्लरवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. सर्व्हिस चार्ज बिलात परस्पर लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर ते दम देत होते, तोच कागद त्यांना अडकवणारा होता. त्याचा फोटो काढायला लागलो तर वेटर तो ओढायला आला. काढलाच.

२० हजार यूपीआयने गेले होते, तेही लाउंजच्या नव्हे, कुणा खासगी माणसाच्या खात्यात. पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव दिसतं, ते वाचा. जुळत नसेल तर थांबा.

आम्ही त्यांच्यादेखतच ११२ लावला. पोलीस येताच मॅनेजर ‘साहेब, गैरसमज झाला’ म्हणू लागला आणि उरलेले १८ हजार कुणी मागितले नाहीत. जबरदस्तीने पैसे उकळणं म्हणजे खंडणी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. रीतसर तक्रार दिली आहे. गेलेल्या पैशांसाठी त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. हा फोन सकाळवर टाकू नका, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत रोखले गेले तरच हाती लागण्याची आशा असते.

२०२४ मध्ये अंधेरीतल्याच अशा प्रकारांच्या बातम्या आल्या होत्या, दिल्लीतूनही येत असतात. तरी हे चालूच आहे, कारण बहुतेक मुलं गुपचूप पैसे भरून घरी जातात. कुणाला सांगतही नाहीत.

पोलिसांनी पहिल्यांदा चॅट मागितलं. पण तिने त्याला अनमॅच केलं होतं, म्हणजे ॲपवरची ओळख तोडली होती, आणि ॲपवरचं सगळं संभाषण त्याच्या फोनवरून गेलं होतं. व्हॉट्सॲपवर तिने पाठवलेलं लोकेशन तेवढं उरलं, ते तक्रारीला जोडलंय. तुम्ही भेटायला निघण्याआधीच प्रोफाइलचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढून एखाद्या मित्राला पाठवून ठेवा.