डबल-बीम यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

द्रावणातील रंगद्रव्यांच्या अभ्यासासाठी द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषते हे मोजणारे हे उपकरण मी गेले काही महिने नियमितपणे वापरत आहे. माहितीपत्रकात १९० ते ११०० नॅनोमीटर असा तरंगलांबीचा पल्ला ठळकपणे छापलेला असला, तरी त्याची खालची हद्द प्रत्यक्षात द्रावक आणि क्युव्हेट (द्रावण ठेवायची पारदर्शक कुपी) हेच ठरवतात. अ‍ॅसिटोन सुमारे ३३० नॅनोमीटरच्या खाली स्वतःच प्रकाश शोषून घेते आणि साधी काचही त्याच सुमारास अपारदर्शक होऊ लागते, त्यामुळे क्वार्ट्‌झच्या क्युव्हेटचा खर्च यंत्राच्या खर्चातच धरावा.

यंत्राची खरी उपयुक्तता मला मिथिलिन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या जलीय द्रावणात जाणवली. विरल द्रावणात ६६४ नॅनोमीटरला ठळक शिखर दिसते. संहती वाढवत नेली, की रेणूंच्या जोड्या जुळू लागतात आणि ६१० नॅनोमीटरजवळचा उंचवटा त्या शिखराच्या तुलनेत वाढत जातो. केवळ ६६४ नॅनोमीटरवर मोजणी केली, तर बीअर-लॅम्बर्ट नियमाची (शोषण संहतीच्या प्रमाणात वाढते) सरळ रेषा वाकलेली तेवढी दिसते, ती का वाकली हे कळत नाही. असाच वाक यंत्रातील भरकटलेल्या (निवडलेल्या तरंगलांबीबाहेरच्या) प्रकाशामुळेही येऊ शकतो: अ‍ॅबसॉर्बन्स (शोषणाचे लॉगरिदमिक माप) ३ असताना प्रकाशाचा हजारावा भागच पलीकडे पोहोचतो, त्यात तेवढाच भरकटलेला प्रकाश मिसळला तर आकडा २.७ दाखवला जातो. म्हणून तेच द्रावण १ सेंटिमीटरऐवजी १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये मोजावे, म्हणजे शोषणाचा आकडा दहाव्या हिश्श्यावर येतो. वर्णपटाचा आकार तरीही तसाच राहिला, तर बदल रेणूंमध्येच झालेला आहे. (हे रंगद्रव्य क्वार्ट्‌झच्या भिंतीलाही चिकटते, त्यामुळे मोजणीनंतर क्युव्हेट इथेनॉलने धुणे टाळू नये.)

सॉफ्टवेअरबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यातील स्मूदिंग (आलेख गुळगुळीत करणे) आपोआप सुरू असते आणि नेमके असे बारीक उंचवटे त्यात पुसट होतात, म्हणून ते पहिल्याच दिवशी बंद करावे. अतिनील प्रकाश देणारा ड्युटेरियम दिवा स्थिर व्हायला अर्धा तास द्यावा लागतो. त्याआधी घेतलेली बेसलाइन (रंगद्रव्याविना घेतलेली आधाररेषा) हळूहळू सरकत राहते. यंत्र अतिनील आणि दृश्य प्रकाशाचे दिवे बदलताना ३५० नॅनोमीटरच्या आसपास आलेखात बारीकशी पायरी येते, तिला शिखर समजू नये.

०.१ ते १ या अ‍ॅबसॉर्बन्समधील आकड्यांवर मी निःशंकपणे विसंबतो. अत्यंत विरल, पण प्रतिदीप्त (शोषलेला प्रकाश पुन्हा बाहेर टाकणाऱ्या) द्रावणांसाठी मात्र ती चमक मोजणारा फ्लुओरोमीटरच घ्यावा.