आरसा, चिंचोके आणि एक चादर : सोलापुरातल्या स्पीच थेरपीचा चार महिन्यांचा अनुभव

आमचा धाकटा मुलगा पाच वर्षांचा आहे. बोलतो भरपूर, पण 'क' आणि 'ग' त्याच्या तोंडी नव्हते. काकूची 'तातू', गाडीची 'दाडी' आणि नाकाचे 'नात' होत असे. तीन-साडेतीन वर्षांपर्यंत अनेक मुले असेच बोलतात आणि पुढे ते आपोआप सुटते, म्हणून आम्हीही वाट पाहिली. गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत एका खेळणीवाल्याने त्याच्या 'दाडी'ची नक्कल केली, आजूबाजूची माणसे हसली आणि घरी येईपर्यंत हा पोरगा एक शब्द बोलला नाही. मार्चपासून आम्ही त्याला जुळे सोलापुरातील एका छोट्या स्पीच थेरपी केंद्रात नेऊ लागलो. आठवड्यातून दोन सेशन, प्रत्येकी अर्धा तास आणि प्रत्येकी 400 रुपये, असा हिशोब आहे.

पहिल्याच भेटीत मॅडमनी उपचार सुरू न करता आधी कानांची तपासणी करून आणायला सांगितले, कारण नीट ऐकू न येणाऱ्या मुलाला उच्चार शिकवण्यात अर्थ नसतो. भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले होते, तेही मी वाचून घेतले. इतर पालकांनीही कोठेही गेल्यावर ते अवश्य पाहावे.

खोलीत संगणक किंवा टॅब नाही. एक हात-आरसा, लाकडी चपट्या काड्यांचे पाकीट, वाटीभर चिंचोके, काही विकतची आणि काही हाताने काढलेली चित्रे आणि जमिनीवर अंथरलेली आपली सोलापुरी चादर, एवढेच साहित्य पाहून माझ्या यजमानांनी पहिल्या दिवशी चेहरा वाकडा केला होता. त्याआधी आम्ही ऑनलाइन मागवलेल्या महागड्या संचात शिट्ट्या, वळणदार नळ्या आणि फुंकायचे चेंडू होते. ते मॅडमनी बाजूला ठेवायला लावले. फुंकण्याच्या व्यायामाने उच्चार सुधारतात, याला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही, आणि 'क' तर फुंकून येतच नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

'त' म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांमागे टेकते. 'क' म्हणताना टोक खाली राहते आणि जिभेची मागची बाजू वर उचलली जाते. हे पाच वर्षांच्या मुलाला सांगून कळणार नाही, पण आरशात दिसते. त्याला चादरीवर उताणे झोपवले की जीभ स्वतःच्या वजनाने थोडी मागे सरकते. त्यात काडीने टोक हलकेच खाली दाबून धरले, की 'त' म्हणायला वाव उरत नाही. तिसऱ्या सेशनला छताकडे पाहत त्याच्या घशातून पहिल्यांदा 'अक्' निघाले. त्यानंतर शेवटी 'क' असलेले शब्द आले, नाक आणि ताक. काका आणि काकू बऱ्याच उशिरा. 'ग'साठी त्याचाच हात गळ्यावर ठेवला, कारण 'ग'ला तिथे कंप जाणवतो आणि 'क'ला जाणवत नाही. नीट आलेल्या प्रत्येक उच्चाराला एक चिंचोका वाटीत पडतो; अर्ध्या तासात साठ-सत्तर होतात आणि घरी जाताना तो ते मोजतो.

एप्रिलमधल्या एका दुपारचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. सोलापूरचे ऊन, मुलगा घामाघूम. मॅडमनी विचारले, "पाणी कसलं हवं, कोमट की गार?" तो म्हणाला, "दार." त्या शांतपणे उठल्या आणि दार उघडून आल्या. "नाही, दार!" त्यांनी दार लावून घेतले. मुलगा गोंधळला, माठाकडे बोट दाखवून पुन्हा "दार" म्हणाला आणि मग एकदम त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागला. आपण म्हणतो ते आणि समोरच्याला ऐकू येते ते वेगळे आहे, हे त्याला तिथे पहिल्यांदा उमगले असावे. गार-दार, काप-ताप, गोरी-दोरी अशा जोड्यांची चित्रे त्यानंतर आमच्या फ्रिजवर लागली.

बाहेर बसल्यावर इतरांचेही कानावर पडते. जेमतेम चार शब्द बोलणाऱ्या एका तीन वर्षांच्या मुलीसाठी साबणाच्या फुग्यांची बाटली झाकण घट्ट लावून समोर ठेवली जाते आणि तिने 'आणखी' म्हणेपर्यंत सगळे थांबतात. तिथे फुगे फुंकण्यासाठी नसून मागण्यासाठी असतात. पूर्व भागातल्या एका आईने, घरात तेलुगू बोलणे बंद करू का, असे विचारले. मुळीच नको, ज्या भाषेत तुम्हाला सहज बोलता येते तिच्यातच मुलाशी बोला, असे उत्तर तिला मिळाले. आपल्या शहरात हे उत्तर अनेक घरांना हवे आहे.

आता तक्रारी. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. चालण्याची अडचण असलेल्या मुलांनाही कडेवर घेऊन चढावे लागते, हे खटकते. संध्याकाळच्या वेळा हमखास घसरतात, साडेपाचचे सेशन सहाला सुरू होते आणि तरी पुढचे मूल दारात असल्याने वीस मिनिटांत संपते. प्रगतीचा अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो, तो माझ्या सासूबाईंना, म्हणजे दुपारभर मुलाचा सराव घेणाऱ्या व्यक्तीला, वाचता येत नाही. विकतच्या चित्रसंचात स्ट्रॉबेरी आणि बर्फाचे घर आहे. मॅडमनी स्वतः काढलेली, पीठ मळण्यापासून कडक भाकरीपर्यंतची चित्रे मात्र क्रमाने लावताना मुलगा न थांबता बोलतो, तेव्हा तसलीच आणखी काढावीत.

पालकाला खोलीत बसवून घेतात, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. आरसा आमच्याकडेही आहे आणि चिंचोके सासूबाईंच्या डब्यातच होते. काडी कुठे, किती दाबायची, हे मात्र समोर पाहिल्याशिवाय आले नसते.

सध्या 'गाडी' हा सुटा शब्द स्वच्छ येतो. ताईशी भांडताना अजून 'माझी दाडी दे' असेच ऐकू येते. त्यासाठी आणखी दोन महिने लागतील असे मॅडम म्हणाल्या आहेत. आम्ही जाणार आहोत, फक्त या वेळी सकाळची वेळ मागून घेतली आहे.