कॅन्सर पॅकेज: नळ्या भरल्या, तोंड कोणी पाहिलं नाही

पाचपैकी दीड तारा. एक रक्त घ्यायला आलेल्या पोराचा, अर्धा वेळेवर आलेल्या रिपोर्टचा. लॅबचं नाव लिहीत नाही. रक्त तपासून कॅन्सर शोधून देतो म्हणत अशी पॅकेजं विकणाऱ्या ढीगभर आहेत अन् जाहिरात सगळ्यांची सारखीच.

आमचं लेआऊट नागपुरातलं, मानेवाड्याकडचं, बावीस प्लॉट. तीन वर्षांत चार घरांत कॅन्सर निघाला. पहिले एका काकूंना स्तनाचा, मग कोपऱ्यावरच्या आजोबांना प्रोस्टेटचा, मग एका वहिनींना थायरॉईडचा, अन् दिवाळीनंतर माझ्याच वयाच्या, पन्नाशीतल्या मित्राला गालाचा. चौथ्या बातमीनं सगळे हादरले. कोणी म्हणे मोबाइलचा टॉवर, कोणी म्हणे कोराडीच्या वीजकेंद्राची राख, कोणी बोअरचं पाणी, तर कोणी टरबुजातलं इंजेक्शन. टॉवर हटवण्याच्या निवेदनावर सह्या झाल्या त्या चौकातल्या पानठेल्यावर. मीही तिथंच केली. सही करेपर्यंत ठेलेवाला माझा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, पन्नीत घोटून राहिला होता.

त्याच घबराटीत सेक्रेटरींनी हे पॅकेज ठरवलं. माणशी २,९९९ रुपये, 'मूळ किंमत' म्हणे आठ हजारांच्या वर. आम्ही दोघं नवरा-बायको म्हणजे सहा हजार गेले. वर अठराशे दिले तर शरीरातलं शिसं-पाराही मोजून देणार होते, ते मी सोडलं. रविवारी सकाळी सातला समाजभवनात पोरगा हजर. हात इतका हलका की सुई कळलीच नाही. माझ्या सासूची नस भल्याभल्यांना सापडत नाही, तिचीही एका दमात मिळाली. पोराला पूर्ण तारा.

फॉर्मवर काय विचारलं? नाव, वय, शुगर, मोबाइल, ईमेल. बिडी ओढता का, खर्रा खाता का, दारू घेता का, घरात कोणाला कॅन्सर होता का, यातलं काहीच नाही. मला तेव्हा ते बरंच वाटलं. बायको बाजूलाच बसली होती.

दोन दिवसांत रिपोर्ट. माझं सगळं हिरवं: पीएसए, सीईए, एएफपी (कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजतात ते आकडे), शेवटी हसरा चेहरा. बायकोचं तसंच एक, सीए-१२५, मात्र लाल, ५८. मर्यादा ३५. अर्ध्या तासात लॅबच्या 'काउन्सेलर'चा फोन. धीर देईल असं वाटलं, तर ती पुढच्या स्कॅनवरची सूट सांगून राहिली. पुढचे अकरा दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही. बायकोनं लॉकरची किल्ली कुठं असते ते मला दाखवून ठेवलं.

बाराव्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सोनोग्राफी केली. निघालं काय, तर सहा वर्षांपासून माहीत असलेली गर्भाशयातली फायब्रॉइडची साधी गाठ. बाई म्हणाल्या, हा आकडा फायब्रॉइडमध्ये वाढतो, एन्डोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारात) वाढतो, पाळीच्या दिवसांतही वाढतो. ज्यांना अंडाशयाचा कॅन्सर आधीच आहे, त्यांचा उपचार लागू पडतो का हे पाहायला तो कामाचा, धडधाकट बाईत कॅन्सर शोधायला नाही. मग म्हणाल्या, "ही टेस्ट लिहून कोणी दिली?" आम्ही दोघंही गप्प. लिहून कोणीच दिली नव्हती, आम्ही ऑनलाइन पैसे भरले होते. पुढं कळलं की सीईए सिगारेट पिणाऱ्यांचं तसंही थोडं वर असू शकतं, अन् पीएसए नुसती प्रोस्टेट सुजली-वाढली तरी चढतं.

पण बायकोच्या लाल आकड्यापेक्षा माझा हिरवा रिपोर्ट जास्त घातक निघाला.

वर्षभरापासून सावजीचा तिखट रस्सा तोंडाला लागला की आग व्हायची. मी म्हटलं, वय झालं, आता दहीभात. पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना, तर म्हटलं, हे लोक पुऱ्याच मोठ्या करून राहिले. अन् हातात हिरवा रिपोर्ट! त्या आनंदात दिवसाचे चार खर्रे सहावर गेले.

मार्चमध्ये दाढ दुखली म्हणून मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजात गेलो. दाढ बाजूलाच राहिली. शिकाऊ डॉक्टर मुलगी म्हणाली, "काका, तीन बोटं उभी करून तोंडात घाला." दोनच गेली. तिनं टॉर्च मारला, गालावर आतून बोट फिरवलं अन् मोठ्या डॉक्टरांना हाक दिली. गाल आतून पांढुरके अन् चामड्यासारखे ताठ झाले होते. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तो सुपारीनं होतो. आज हा कॅन्सर नाही, पण यातल्या काहींचा पुढं होतो. एका डागाचा तुकडा काढून तपासला, साफ निघाला. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं आहे.

मी म्हटलं, तंबाखू कमी करून नुसती सुपारी ठेवली तर? डॉक्टर हसले. तंबाखू नसलेली सुपारीही जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींत टाकली आहे. मग मी टॉवरचं काय ते शोधलं. मोबाइलच्या लहरी २०११ पासून '२ब' गटात आहेत, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा. त्याच रांगेत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे. आमच्या लेआऊटमधल्या अर्ध्या बायका रोज सकाळी कोरफड पितात, तिच्याविरुद्ध निवेदन कोणी दिलं नाही.

कोराडीवाले अगदीच खोटे नाहीत. बाहेरची प्रदूषित हवा २०१३ पासून पहिल्याच गटात आहे, अन् तिचा मोठा संबंध फुप्फुसाच्या कॅन्सरशी. पण आमच्या चार घरांत फुप्फुसाचा एकही नाही. चारही वेगळे, चौघांची मुळं वेगळी. आजोबा ८१ वर्षांचे, त्या वयात प्रोस्टेटचा कॅन्सर पुष्कळ पुरुषांत सापडतो. त्यांचे वडील साठीही न गाठता गेले, कशानं ते कोणी तपासलंच नाही. वहिनींची थायरॉईडची गाठ तर मानेच्या सोनोग्राफीत अवचित दिसली, त्रास काहीच नव्हता. दक्षिण कोरियात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली, दवाखान्यांनी थोड्या पैशात तिला गळ्याची सोनोग्राफी जोडली, अन् २०११ मध्ये थायरॉईड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्यानं मरणारे तेवढेच राहिले. काकूंच्या स्तनाच्या कॅन्सरचं कारण मला सांगता येत नाही, उगाच काही चिकटवणार नाही. उरला माझा मित्र. त्याचं कारण मला पाठ आहे, वीस वर्षं एकाच ठेल्यावर उभे होतो.

हे गणित या पॅकेजवाल्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. तोंड तपासायला टॉर्च लागतो, तो २,९९९ ला विकता येत नाही. तिरुवनंतपुरमकडे १९९६ पासून आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नुसतं तोंड पाहिलं, तर तंबाखू-दारूवाल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं घटले. आपल्याकडंही तिशीनंतर तोंड, स्तन अन् गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी योजनेत आहे, फुकट. माझ्या नागपुरातल्या पॅकेजमध्ये सहा नळ्या भरल्या अन् 'आ करा' कोणी म्हटलं नाही.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं की अहवाल 'वैद्यकीय सल्ला नव्हे', तसं खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे. चष्मा लावून पाहिलं, खरंच लिहिलं आहे.

आता रोज सकाळी आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांची गड्डी दातांत धरून बसतो, जबडा मोकळा व्हायला. चौदा काड्यांवरून सुरू केलं, सध्या सतरा. खर्रा सुटून दोन महिने अन् काही दिवस झाले. निवेदन महापालिकेत पोचलं, टॉवर आहे तिथंच आहे, अन् खाली ठेलाही.