पैसे आम्ही भरले, डोमेन त्यांच्या नावावर

दापोलीजवळ आमची हापूसची बाग आहे. पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकता याव्यात म्हणून २०२१ मध्ये वेबसाईट करून घेतली. होस्टिंगवाल्यांचा, म्हणजे साईट आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीचा, माणूस पडवीत बसून म्हणाला, "दादा, वर्डप्रेस आहे, ओपन सोर्स. आमचं काम नाही आवडलं तर अख्खी साईट उचला आणि दुसरीकडे न्या." पहिल्या वर्षी ३,००० रुपये घेतले. तिसऱ्या वर्षी १४,००० चं बिल आलं, म्हणून आम्ही निघायचं ठरवलं.

वर्डप्रेस हे साईट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुलं आहे, तेवढं तो खरं बोलला. पण साईट हलवायची तर फोटोंचं फोल्डर लागतं आणि मजकूर, ऑर्डरी ज्यात असतात तो डेटाबेसही लागतो. आम्हाला एफटीपी (सर्व्हरवरच्या फाईली उतरवायची सोय) दिलेलं नव्हतं, पीएचपीमायअॅडमिनही (डेटाबेस उघडायचं साधन) नाही. "सुरक्षेसाठी बंद असतं," म्हणाले. वर्डप्रेसमधून एक्स्पोर्ट केलं तर एक्सएमएल फाईल मिळाली, तिच्यात फोटोंच्या नुसत्या लिंका. पानं कंपनीच्या स्वतःच्या पेज बिल्डरमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या साधनात, बांधलेली. भाच्याने ती फाईल दुसऱ्या सर्व्हरवर चढवली, तर तिथे ते साधन नसल्याने पानभर चौकोनी कंस: रो, कॉलम, परत रो. बाबांनी कलमांबद्दल लिहिलेल्या चार ओळी त्यात शोधाव्या लागल्या. मला फार लागलं ते.

मग हूइजमध्ये, म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या नोंदीत, आमचं डोमेन (साईटचा पत्ता) पाहिलं. मालक म्हणून कंपनीचं नाव! डोमेन हलवायला ऑथ कोड लागतो, त्याचे २०,००० मागितले. मार्च महिना, बुकिंगचे दिवस, भरले. "पुढच्या आठवड्यात देतो" करत एप्रिल संपला, साईट बंद पडली, कोड आलाच नाही.

साईट करून घेणार असाल तर डोमेन आपल्याच खात्यातून, आपल्याच ईमेलवर घ्या. ते काम कोणावरही सोडू नका. पैसे द्यायच्या आधी डेटाबेसची एसक्यूएल फाईल आणि फोटोंचं फोल्डर समोर काढून दाखवायला सांगा. ते दुसऱ्या सर्व्हरवर चढवून पाहा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

आम्ही नवं डोमेन घेतलं आहे. जुना पत्ता छापलेल्या ४०० पेट्या गोठ्याच्या माळ्यावर आहेत, बायको आणि मी रोज संध्याकाळी त्यांवर नव्या पत्त्याचे स्टिकर लावतोय.